टॅपेट पुन्हा पुन्हा का बिघडतात? अ‍ॅम्बॅसिडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाच्या हेडचे काम झाल्यानंतरची तपासणी

हेडचे फेसिंग (तळ यंत्रावर घासून सपाट करणे), नव्या सीट (व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात त्या कडा), मोठे व्हॉल्व्ह, कडक किंवा दुहेरी स्प्रिंग यांपैकी काही काम करून आणलेली अ‍ॅम्बॅसिडर पहिले काही दिवस उत्तम चालते आणि मग पुढीलपैकी एखादी तक्रार सुरू होते.

– टॅपेट सेट केल्यावर, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हचा दांडा यांमधली फट जुळवल्यावर, आठ-पंधरा दिवस शांततेत जातात, नंतर तीच टकटक पुन्हा ऐकू येते.
– गेजने मोजल्यास फट बरोबर भरते, तरीही एक रॉकर (व्हॉल्व्हला दाबून उघडणारा वरचा हात) वाजतच राहतो.
– आवाज अजिबात नसतो, उलट इंजिन पूर्वीपेक्षा मऊ चालल्यासारखे वाटते. मात्र सकाळी गाडी चालू व्हायला वेळ लागतो, आयडलवर एक सिलिंडर मिस मारतो आणि घाटात पिकअप उरत नाही.
– सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर एका ठरावीक लयीत फुसका झोत लागतो, किंवा कार्ब्युरेटरमधून मधूनच उलटा फटका येतो.

यांतले तिसरे लक्षण सर्वांत वाईट. वाजणारा टॅपेट मालकाला अस्वस्थ करतो, म्हणून त्याच्याकडे लक्ष तरी जाते. गप्प झालेला टॅपेट म्हणजे बहुधा फट संपलेली असते, व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नसतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळायला सुरुवात झालेली असते.

येथे लिहिलेले सर्व १४८९ सीसीच्या पुशरॉड पेट्रोल इंजिनाविषयी आहे. यात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो; त्याच्यावर बसणारा खरा टॅपेट पुशरॉडला वर ढकलतो, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला. बोलताना मात्र वरच्या फटीलाही 'टॅपेट'च म्हणतात. ७३ मिमी बोअर, ८८.९ मिमी स्ट्रोक, ओतीव लोखंडाचे हेड आणि ब्लॉक असे हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सीरिज घराण्यातले इंजिन असून ते हिंदुस्तान मोटर्सच्या उत्तरपाड्याच्या कारखान्याने वर्षानुवर्षे अ‍ॅम्बॅसिडरमध्ये बसवले. एमजी या ब्रिटिश कंपनीच्या एमजीए आणि एमजीबी या गाड्यांची इंजिने याच घराण्यातली आहेत, त्यामुळे परदेशात असलेल्या मराठी एमजीमालकांनाही यातले पुष्कळसे लागू पडेल. नंतर आलेल्या इसुझूच्या पेट्रोल इंजिनात कॅमशाफ्ट हेडमध्येच असतो. त्याला हे लागू नाही.

फट कोणत्या दिशेने सरकते, ते आधी पाहा

गेल्या काही वर्षांत स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या गाड्यांवर हा दोष इतक्या वेळा काढला आहे की, आता कोणी 'टॅपेट वाजतात' म्हणाले की मी पहिला प्रश्न विचारतो: मागच्या वेळी किती फट होती आणि आज किती आहे? उत्तर जवळजवळ कधीच मिळत नाही. मेस्त्री कव्हर काढतो, आठही टॅपेट पुन्हा १५ थाऊवर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणतो आणि कव्हर लावतो. बिघाडाचा सगळा पुरावा त्या पंधरा मिनिटांत पुसला जातो. म्हणून सेटिंग करण्यापूर्वी आठही फटी मोजून कागदावर लिहाव्यात, किलोमीटरचा आकडा शेजारी टाकावा आणि मगच स्क्रू फिरवावा. या तपासणीला फिलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पात्या) सोडून काहीही खर्च नाही, आणि निम्म्या गाड्यांचे निदान याच कागदावर होते.

१५ थाऊ म्हणजे सुमारे ०.३८ मिमी. माझ्या गाडीच्या पुस्तकात हाच आकडा आहे, पण कॅमशाफ्ट बदललेला असेल तर कॅम बनवणाऱ्याने दिलेला आकडा धरावा. गरम की थंड याबाबतही पुस्तक पाहावे. मात्र एकदा थंड मोजले की दर वेळी थंडच मोजावे; एकदा सकाळी आणि एकदा दुपारी गाडी चालवून आल्यावर मोजलेल्या आकड्यांची तुलना करून काही हाती लागत नाही.

मोजण्यासाठी चारही प्लग काढून इंजिन हँडलने फिरवावे. रेडिएटरच्या बाजूने व्हॉल्व्हना १ ते ८ क्रमांक द्यावेत. १, ४, ५ आणि ८ हे एक्झॉस्टचे, तर २, ३, ६ आणि ७ हे इनलेटचे. जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल त्याचा क्रमांक ९ मधून वजा करावा आणि येईल त्या क्रमांकाची फट मोजावी. पहिला उघडा असेल तर आठवा, तिसरा उघडा असेल तर सहावा. हा नियम पाठ असला की डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून पाहण्याची गरज उरत नाही.

आता आकड्यांचा अर्थ. आठही फटी साधारण सारख्याच प्रमाणात कमी झाल्या असतील तर हेड गॅस्केट बसले आहे. हेड खाली सरकले की रॉकर आणि व्हॉल्व्हही त्याच्यासोबत खाली येतात, पण पुशरॉडची लांबी तेवढीच राहते. शिवाय रॉकरच्या दोन बाजूंचे गुणोत्तर सुमारे १.४ असल्याने गॅस्केट १ थाऊ बसले तर फट जवळजवळ दीड थाऊ घटते. नव्या गॅस्केटवर हे एकदा होणे स्वाभाविक आहे. फक्त एक्झॉस्टच्या फटी कमी होत असतील, आणि त्यांतही ४ व ५ पुढे असतील, तर सीट खचत आहेत. हे दोन्ही व्हॉल्व्ह एकमेकांना खेटून असून दोघांचा धूर एकाच सामाईक पोर्टमधून बाहेर पडतो, त्यामुळे हेडमधली सर्वांत तापणारी जागा तीच. माझ्या वहीत एका गाडीची नोंद अशी आहे: ४ आणि ५ क्रमांक १५ वरून १२, मग ९, बाकीचे सहा मात्र १४ च्या खाली आलेच नाहीत. ते हेड उतरवण्यापूर्वीच काय दिसणार हे ठाऊक होते.

याउलट एखादीच फट वाढत असेल तर लॉकनट (रॉकरवरचा फट जुळवण्याचा स्क्रू जागी धरणारा नट), पुशरॉडचे टोक किंवा खालचा टॅपेट झिजतो आहे असे समजावे.

आवाज टॅपेटचाच आहे ना?

ही शंका हास्यास्पद वाटेल, पण मॅनिफोल्डचे गॅस्केट फुंकत असेल तर तंतोतंत टॅपेटसारखा आवाज येतो, आणि हेड उतरवून बसवताना ते गॅस्केट नेहमीच हाताळले जाते. तो आवाज चढावर वाढतो आणि इंजिन तापल्यावर पुष्कळदा बुजतो. यांत्रिक पेट्रोल पंपाची टकटकही कॅमच्याच गतीने होते. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक जागोजागी टेकवून मुठीला कान लावला की जागा कळते. कव्हर काढून आयडलवर एकेका रॉकरखाली गेजची पाती सरकवली आणि एखाद्या ठिकाणी आवाज थांबला, तर तोच रॉकर. तेलाचे शिंतोडे उडतात, तेव्हा जुना शर्ट घालावा आणि फॅनपासून बाही दूर ठेवावी.

गेज खोटे बोलते तेव्हा

फट बरोबर असूनही वाजणाऱ्या रॉकरची नाकाची बाजू उलटी करून उजेडात धरावी. व्हॉल्व्हच्या दांड्याने तिथे बशीसारखा खळगा पाडलेला दिसेल. गेजची सपाट पाती त्या खळग्याच्या दोन काठांवर पुलासारखी टेकते. पाती १५ थाऊ दाखवते, पण खळग्याच्या तळापासून खरी फट २० च्या घरात असते. नखाने चाचपले तरी काठ लागतो. नवे व्हॉल्व्ह आणि जुने रॉकर अशी जोडी लावली की हा प्रकार हमखास होतो, कारण नव्या दांड्याचे टोक जुन्या खळग्यात नीट बसत नाही. हातग्राइंडरवर नाक घासून देण्याची पद्धत आहे, पण वरचा कठीण थर गेला की महिनाभरात तिथे पुन्हा खळगा पडतो. रॉकर बदललेला बरा.

लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळल्यानंतर फट पुन्हा मोजावी. नट आवळूनही स्क्रू हाताने हलत असेल तर आटे गेले आहेत.

वर तेल पोहोचते का?

कव्हर काढून इंजिन आयडलवर ठेवावे आणि रॉकर ज्यावर फिरतात त्या शाफ्टच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत प्रत्येक रॉकर ओला होतो का ते शांतपणे पाहावे. या इंजिनात शाफ्टला तेल त्याला धरणाऱ्या चार स्टँडांपैकी एकाच्याच पोटातील भोकातून मिळते, त्यामुळे ते भोक बुजले की आठही रॉकर एकदम कोरडे पडतात.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. हेडचे फेसिंग झाल्यावर रॉकर उंच करण्यासाठी स्टँडखाली पत्र्याच्या पट्ट्या घालायच्या होत्या. चारही पट्ट्या मी एकाच मापाने कापल्या, स्टडची भोके पाडली आणि समाधानाने बसवल्या. तेलाचे भोक पाडायचे राहिले. दीडशे किलोमीटरनंतर कव्हर काढले तेव्हा शाफ्टवर प्रत्येक रॉकरच्या जागी निळसर पट्टा उमटला होता आणि बुश शाफ्टला चिकटून कुरकुरत होते. शाफ्ट, आठ बुश आणि माझा अभिमान असे तिन्ही बदलावे लागले. तुमच्या गाडीत अशा पट्ट्या असतील तर त्या कोणी आणि कशा कापल्या, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तेलाच्या प्रकाराचाही येथे संबंध आहे. या इंजिनातील टॅपेट कॅमवर घसरत चालतात, आणि त्यांना तेलातील जस्तयुक्त द्रव्याचा आधार लागतो. अगदी नव्या गाड्यांसाठीची पातळ तेले या कामाची नाहीत.

इग्निशन, मिश्रण आणि इंधन

ठिणगीचे टाइमिंग मागे राहिले किंवा मिश्रण पातळ झाले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर उष्णतेचा भार वाढतो. म्हणून सीट खचल्याचे कागदावर दिसले तर हेडकडे वळण्याआधी प्लगचा रंग पाहावा, टायमिंग लाइट लावावा आणि मॅनिफोल्डच्या सांध्यांतून हवा शिरत नाही याची खात्री करावी. हे सर्व तासाभरात होते आणि त्याला विशेष पैसे पडत नाहीत.

या हेडमध्ये मूळच्या सीट वेगळ्या बसवलेल्या नसतात, हेडच्याच लोखंडात कापलेल्या असतात. पेट्रोलमधले शिसे व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये पातळ थर धरत असे आणि त्यामुळे मऊ लोखंड टिकत असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल झाले. शहरात सावकाश फिरणारी गाडी तरीही वर्षानुवर्षे तक्रार करत नाही, पण पुणे–कोल्हापूर रस्त्यावर सलग वेगात चालवलेली, किंवा एलपीजी वा सीएनजी किट लावलेली गाडी सीट लवकर खाते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची भर वेगळीच: इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने कार्ब्युरेटरच्या जुन्याच जेटवर (इंधन सोडणाऱ्या बारीक भोकावर) मिश्रण आपोआप पातळ होते. जेट एक माप मोठा करून प्लगचा रंग पुन्हा पाहणे, हा त्यावर सोपा उपाय आहे.

फट १५ ऐवजी १८ ठेवून 'थोडी जागा राखणे' हा सर्रास केला जाणारा तोडगा आहे. खचणे त्याने थांबत नाही, दोन महिने पुढे ढकलले जाते एवढेच. लांबच्या प्रवासाआधी मीही तो केला आहे, पण त्याला दुरुस्ती म्हणू नये.

हेडचे नट

हेड ११ स्टडवर बसलेले असते आणि त्यांतले चार स्टड रॉकरचे स्टँडही धरतात. ही रचना समजून न घेतल्यामुळे झालेले बिघाड मी सर्वांत जास्त पाहिले आहेत. केवळ रॉकर शाफ्ट काढायचा म्हणून कोणी ते चार नट सोडतो, तेव्हा हेडची एक बाजू मोकळी होते आणि दुसरी आवळलेलीच राहते. हेडला पीळ बसतो आणि गॅस्केटमधून पाणी सिलिंडरमध्ये किंवा तेलात उतरते. म्हणून शाफ्ट काढायचा असला तरी आधी रेडिएटर रिकामा करावा, पुस्तकातील क्रमाने अकराही मोठे नट थोडे थोडे सैल करावेत आणि बसवताना त्याच पद्धतीने टॉर्क रेंचने आवळावेत.

नव्या गॅस्केटवर गाडी काही शे किलोमीटर चालली की थंड इंजिनावर टॉर्क पुन्हा तपासावा, मात्र गॅस्केट बनवणाऱ्याने तसे करू नका असे लिहिलेले नसेल तरच. त्यानंतर टॅपेट पुन्हा सेट करावेत; आधी टॅपेट आणि मग टॉर्क असा उलटा क्रम झाला तर सगळे सेटिंग वाया जाते.

काँप्रेशन

गरम इंजिनावर चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून काँप्रेशन गेजने चारही सिलिंडरांमधला दाब मोजावा. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक कमी भरला तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगचा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडलेले असतील तर त्यांच्यामधले गॅस्केट फुटले असण्याची शक्यता मोठी. फेसिंग केलेल्या हेडचे आकडे मूळ पुस्तकापेक्षा जास्त येणारच, तेव्हा फक्त आपसातला फरक पाहावा.

पुशरॉड, शाफ्ट आणि लिफ्ट

येथून पुढे सुटे भाग काढावे लागतात. पुशरॉड वर ओढताना तो तेलाच्या चिकटपणाने खालचा टॅपेट सोबत उचलतो. आधी बोटांत धरून दोन्ही बाजूंना पिळावा आणि मग काढावा. काचेवर घरंगळत सोडला की वाकलेला रॉड उड्या मारत जातो. कडक स्प्रिंग आणि जुने रॉड या जोडीत मला एकदा आठांपैकी तीन वाकलेले मिळाले. रॉड पुठ्ठ्याला भोके पाडून क्रमानेच ठेवावेत, कारण प्रत्येक टोक आपापल्या टॅपेटशी जुळून झिजलेले असते.

शाफ्टची झीज खालच्या बाजूला असते, ती वरून दिसत नाही. रॉकर बाजूला सरकवून बोट खालून फिरवावे.

यानंतर डायल गेज व्हॉल्व्हच्या स्प्रिंग कॅपवर टेकवून आठही व्हॉल्व्हची लिफ्ट, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह किती उघडतो ते, मोजावी. इथे एक बारकावा आहे. कॅमचे नाक झिजले तरी फट बदलत नाही, कारण फट आपण कॅमच्या गोल पाठीवर मोजतो. आवाजही फारसा येत नाही, फक्त तो व्हॉल्व्ह कमी उघडतो. टॅपेटचा तळ झिजला तर मात्र फट वाढतच जाते. इनलेटची लिफ्ट इनलेटशी आणि एक्झॉस्टची एक्झॉस्टशी ताडून पाहावी; एखादी स्पष्ट कमी असेल तर मॅनिफोल्डखालची बाजूची झाकणे उघडून तो टॅपेट बाहेर काढता येतो. तळ चकचकीत आणि किंचित फुगीर असावा. खड्डे दिसले तर कॅम आणि टॅपेट दोन्ही बदलावे लागतात. जुन्या कॅमवर नवा टॅपेट टिकत नाही.

बदललेल्या हेडची भूमिती

मूळ हेडला ही तपासणी लागत नाही. बदल केलेल्या हेडला टाळता येत नाही. फेसिंगने हेड जितके कमी झाले तितका पुशरॉड वर आला, आणि त्यामुळे रॉकरचे नाक व्हॉल्व्हच्या दांड्यावर मध्ये न पडता एका कडेला घासते. गाईड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी) एका बाजूने झिजते, व्हॉल्व्ह तिरका बसतो आणि फट दर वेळी वेगळी भरते. दांड्याच्या टोकाला काळी शाई लावून इंजिन दोन फेरे फिरवावे आणि उमटलेली रेघ मध्यभागी आहे का ते पाहावे. उपाय दोन: आखूड पुशरॉड, किंवा भोक असलेल्या पट्ट्या. जितके फेसिंग तितकी पट्टी असा सरळ हिशोब मात्र नाही, कारण स्टँड उचलला की रॉकरची दोन्ही टोके उचलली जातात. पातळ पट्टीपासून सुरुवात करून शाईची रेघ पाहत जावे.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये सर्व मिळून किमान १ मिमी जागा उरली पाहिजे, आणि स्प्रिंग कॅपचा तळ गाईडच्या डोक्याला लागता कामा नये. मोठे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घातले असतील तर ते ७३ मिमीच्या बोअरच्या काठावर, म्हणजे ब्लॉकच्या माथ्यावर आपटू शकतात. १८०० सीसीचे हेड या ब्लॉकवर चढवणारे ब्लॉकला खाचा पाडतात ते त्यामुळेच. हेड कायमचे चढवण्याआधी खेळण्यातल्या मातीचा गोळा त्या जागी ठेवून, जुने गॅस्केट घालून हेड आवळावे, इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे आणि मग माती सुरीने कापून तिची जाडी पाहावी.

कुठे थांबायचे

पुढीलपैकी काहीही आढळले तर इंजिन चालू करू नये आणि गाडी ओढून न्यावी: एका सिलिंडरमध्ये काँप्रेशन शून्य, तेलात पाणी किंवा धातूची चमकी, फट एकाएकी कितीतरी वाढली आणि सोबत धातूवर धातू आदळल्याचा आवाज. यांतले शेवटचे नवी बसवलेली सीट सुटून आल्याचे लक्षण असते. सुटलेली सीट पिस्टन, हेड आणि कधी कधी सिलिंडरची भिंतही घेऊन जाते.

सेटिंगनंतर ५०० किलोमीटरच्या आत एक्झॉस्टची फट पुन्हा संपली तरी स्वतःचे प्रयत्न थांबवावेत. हेड उतरवून व्हॉल्व्ह लॅप करणे (पेस्ट लावून सीटवर घासून बसवणे) घरी जमते, पण सीट कापणे, कठीण धातूच्या सीट ठोकणे आणि गाईड रीम करणे (आतून मापात कापणे) हे यंत्रावर आणि अनुभवी हाताने करायचे काम आहे. सीटसाठी खाच किंचित जास्त खोल गेली तर पाण्याची वाट फुटते आणि हेड भंगारात जाते. वेगाच्या नादात एक्झॉस्टची सीट फार अरुंद कापून घेणारेही आहेत; व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः सीटच्या त्या टेकण्याच्या कडेतूनच हेडमध्ये जाते, म्हणून रस्त्यावरच्या गाडीत ती कड पुस्तकापेक्षा बारीक करू देऊ नये.

हेड देताना आपला फटींचा कागद सोबत द्यावा. माझ्या हेडचे दुसरे फेसिंग ज्या वर्कशॉपमध्ये झाले तिथे 'जरासेच घेतले' एवढेच सांगितले गेले, आणि पुढचे तीन महिने मी पुशरॉडची लांबी अंदाजाने शोधत राहिलो. आता उद्यमनगरात हेड टाकताना व्हर्नियरने चार कोपऱ्यांची जाडी मोजून हेडवरच खडूने लिहितो, आणि परत घेताना पैसे देण्याआधी तेच चार कोपरे पुन्हा मोजतो.